डोकेदुखी आणि सहाणेवरची सुंठ

शिंदे सरकारची राजधानी १८१० साली उज्जैनहून ग्वाल्हेरीस गेली, तरी चाकरीच्या निमित्ताने माळव्यात आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथेच राहिली. त्यांच्या घरातून पाटा-वरवंट्याबरोबर सहाणही टिकली. कोणाचे डोके दुखू लागले की सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यावयाचा, ही चाल आमच्या घरी अजून आहे व आपल्यापैकी अनेकांच्या घरीही असेल. या उपायांचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे त्यांच्यावर विसंबू नये, हे येथे सांगावयाचे आहे.

सुंठीच्या लेपाने कातडी चुरचुरते व ऊब येते. या नव्या जाणिवेपुढे आतला ठणका काही वेळ मंद वाटतो. दगदगीने किंवा मान अवघडल्याने डोके जड झाले असेल तर एवढे पुरते. लेप पातळ असावा, डोळ्यांपासून दूर असावा व आग होऊ लागताच धुऊन टाकावा. लहान मुलांस तो घालूच नये. बाटलीतील बामही याच जातीचा. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत अमृतांजन काढले, तेव्हापासून सहाणेचे निम्मे काम त्या पिवळ्या मलमाने उचलले आहे. मात्र कापूर असलेला बाम तान्ह्या मुलाच्या नाकाशी कधीही लावू नये.

आपल्याकडील वैशाखातली डोकेदुखी बहुधा अंगातले पाणी कमी झाल्याची असते. उन्हातून आलेल्या माणसास सावलीत निजवावे, कपाळावर ओली घडी ठेवावी आणि मीठ-साखर घातलेले कैरीचे पन्हे घोट घोट द्यावे. येथे लेपाचे काम नाही. परंतु माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर ती लू होय. अशा वेळी अंगावर पाणी ओतून वारा घालीत त्यास इस्पितळात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये.

श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी पाहून आलेल्या उपवासकरी मंडळींचे डोके दुखते, त्याचे कारण भूक व चुकलेला चहा. अर्धा कप चहा आणि फळ घेतल्यास उपवासही मोडत नाही.

अर्धशिशी मात्र निराळी. सुश्रुताने शिरोरोगाचे ११ प्रकार सांगितले. त्यांत अर्धावभेदक आहे आणि सूर्याबरोबर चढणारा व उतरणारा सूर्यावर्तही आहे. यावर सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा उपाय आपल्या भागात प्रसिद्ध आहे. यातला ग्राह्य भाग एवढाच की उपाशी राहिल्याने अर्धशिशी उठते, म्हणून सकाळी वेळेवर काही खावे. मधुमेह असलेल्यांनी जिलबीचे निमित्त शोधू नये! अंधारी खोली, शांतता आणि झोप हेच येथे खरे औषध. वारंवार उठत असेल तर ती टाळण्याची औषधे वैद्यकात आता आहेत. दुकानातून आणलेल्या गोळ्या मात्र जपून घ्याव्यात. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या कित्येक महिने घेतल्यास त्या गोळ्यांनीच डोके रोज दुखू लागते.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या वहिनींस एका संध्याकाळी डोकेदुखी व ओकाऱ्या सुरू झाल्या. पित्ताची खोड जुनीच, म्हणून आम्ही कोकमाचे सरबत दिले व लेप घातला. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असे त्या दोनदा म्हणाल्या. आम्ही त्यांस डोळे मिटून पडावयास सांगितले. डोळा लाल झाला होता, तो रडल्याने असेल असे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी पाहिले तेव्हा कळले की तो एकाएकी उठलेला काचबिंदू होता. डोळ्यातील दाब चढून नजरेची शीर दबली होती. त्या डोळ्याने वहिनींस आज खिडकी कळते, माणूस ओळखू येत नाही. रात्रीच गेलो असतो तर नजर वाचण्याचा पुष्कळ संभव होता.

म्हणून डोकेदुखीबरोबर डोळा लाल होऊन दिसेनासे झाले तर घरी थांबू नये. तसेच वीज कोसळावी तशी एकदम उठलेली कळ, ताप येऊन ताठलेली मान, वाकडे झालेले तोंड किंवा अडखळणारी वाचा, डोक्यास मार लागल्यावर होणारी ओकारी, गरोदरपणी पायांस सूज येऊन दुखणारे डोके, आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, ही डॉक्टरांकडची कामे आहेत. रात्र असली तर १०८ वर गाडी मागवावी. आणि थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेल्या साऱ्या घराचे डोके सकाळी एकदम दुखू लागले, तर तो कोळशाच्या विषारी वायूचा परिणाम असतो. प्रथम सर्वांस बाहेर मोकळ्या हवेत काढावे व लगेच इस्पितळ गाठावे.