विजेची मोटार दारात आल्यावर

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाचा रोजचा प्रवास तसा मोठा नसतो. सांगलीत राहणारा असो की मिरजेत, एका बाजूचे अंतर फार तर आठ-दहा किलोमीटर. संध्याकाळी गाडी घरासमोर उभी राहते ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलत नाही. विजेच्या मोटारीसाठी याहून सोयीची दिनचर्या शोधून सापडणार नाही. पण हिशेबाची वही उघडली की गंमत लक्षात येते. ज्याला ही मोटार सर्वांत सोयीची, त्यालाच ती सर्वांत कमी फायद्याची ठरते. आणि ज्याचा त्यात खरा फायदा आहे, त्याला ती वापरताना सर्वांत जास्त डोके लढवावे लागते. जाहिरातीत ही गोष्ट सांगितली जात नाही. शोरूममधला विक्रेताही ती आपणहून सांगत नाही.

प्रथम खर्चाचे पाहू. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास वीज. मध्यम आकाराची विजेची मोटार, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, शंभर किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते. येथे बहुतेकांची पहिली चूक होते. विजेच्या बिलातला सरासरी दर काढून ते युनिटला गुणतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. पंखे, फ्रीज, दूरचित्रवाणी यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. मोटार येते ती त्यांच्या डोक्यावर. म्हणून मोटारीच्या विजेचा खरा दर हा आपल्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर असतो, सरासरीचा नव्हे.

समजा, एका घराचा महिन्याचा वापर २०० युनिट आहे. हिशेबापुरते सर्व आकार मिळवून दुसऱ्या टप्प्याचा दर १२ रुपये आणि तिसऱ्याचा १६ रुपये धरू. वाचकांनी आपल्या बिलातले आकडे घालून पाहावेत. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्या नोकरदाराला ७५ युनिट लागतील. ते दुसऱ्या टप्प्यातच बसतात, म्हणजे ९०० रुपये. तेवढ्याच अंतराला लिटरमागे १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीला ३३ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर साडेतीन हजार. बचत महिन्याला २,६०० रुपये, वर्षाला ३१ हजारांच्या आसपास. दोन मोटारींच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला साडेनऊ वर्षे हवीत.

आता हळदीचा व्यापारी, औषध कंपनीचा प्रतिनिधी किंवा कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा माणूस घ्या. महिन्याला १,५०० किलोमीटर. त्यातले एक हजार घरच्या विजेवर आणि पाचशे वाटेतल्या चार्जरवर. घरचे १५० युनिट दुसरा टप्पा भरून तिसऱ्यात शिरतात आणि त्यांचे दोन हजार रुपये होतात. बाहेरची वीज युनिटला २० रुपये धरली तर आणखी दीड हजार. पेट्रोलला साडेदहा हजार लागले असते. येथे महिन्याला सात हजार वाचतात आणि तीन लाखांचा फरक साडेतीन वर्षांत फिटतो.

किमतीतला हा फरक स्थिर राहिलेला नाही. विजेच्या मोटारींवर २०१९ पासून पाच टक्के जीएसटी आहे. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा कर २८ टक्के आणि उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याही स्वस्त झाल्या. कर्जाच्या व्याजावर मिळणारी प्राप्तिकराची दीड लाखांपर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. आजही कोणी ती सवलत पुढे करून गाडी विकत असेल तर सावध राहावे. उलट बाजूला राज्याच्या २०२५ च्या धोरणातली मोटार वाहन करातली सूट मोठी आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला महाराष्ट्रात ११ टक्के कर पडतो, हे लक्षात घेतले की तिचे मोल कळते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचे त्याच धोरणाने ठरवले. सांगलीकराच्या रोजच्या वाटेवर यांतला एकही रस्ता नाही, ही गोष्ट वेगळी.

एमआयडीसी नावाचे दोन प्रकार

कुपवाडमध्ये एमआयडीसी म्हटले की औद्योगिक वसाहत हे लहान मुलालाही ठाऊक आहे. मोटारींच्या माहितीपत्रकातही एमआयडीसी असते, पण ती निराळी. ती म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, प्रयोगशाळेतल्या रुळांवर गाडी चालवून अंतर मोजण्याची ठरावीक पद्धत. त्यातला सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर, तोही थोडा वेळ. सरासरी वेग तर शहरातल्या रिक्षाइतकाच. या चाचणीतले आकडे रस्त्यावर मिळत नाहीत, हे मालकांना पहिल्याच महिन्यात समजते. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती आणि प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर. प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास मिळाले की मालक समाधान मानत. यात लबाडी नाही, पण कागदावरच्या आकड्याचा दोन-तृतीयांश भाग हाच आपला, असे समजून गाडी निवडावी. पुढे कंपन्यांनाही हे उमगले आणि प्रमाणित आकड्याशेजारी रस्त्यावर मिळणारे अंदाजी अंतर छापण्याची पद्धत काहींनी सुरू केली.

अंतर कमी होते कशाने? मुख्यतः वेगाने. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते, पण तेथे इंजिनच मुळात पाऊण इंधन उष्णतेत घालवत असल्याने जास्तीचा खर्च डोळ्यांत भरत नाही. विजेची मोटार काटकसरी असते, म्हणून तिला उधळपट्टी लगेच दिसते. पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्यापासून पुढे शंभरच्या वेगाने जाणारा आणि ऐंशीने जाणारा यांच्या मुक्कामाच्या वेळेत फार फरक पडत नाही. कारण पहिल्याला चार्जरवर अधिक वेळ थांबावे लागते.

दुसरी गोष्ट घाटाची. सतराशे किलोची मोटार शंभर मीटर उंच चढवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. हे साधे गणित आहे, त्यात कंपनीचा काही संबंध नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनेकडे येताना सहाशे मीटरांच्या चढाला तीन-साडेतीन युनिट जातात, म्हणजे सपाटीवरचे वीसेक किलोमीटर. उतरताना मोटारच जनित्राचे काम करते आणि त्यातले निम्म्याहून अधिक परत मिळते. महाबळेश्वरला रात्री मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरायची आणि सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरायचे, हा मात्र अव्यापारेषु व्यापार. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज जाणार कुठे? सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. जाणकार मालक अशा वेळी ८०-८५ टक्क्यांवरच चार्जिंग थांबवतात.

सांगली ते पुणे हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरहून थोडे अधिक. लहान बॅटरीच्या मोटारीला वाटेत एकदा थांबावेच लागते, मोठ्या बॅटरीला बहुधा लागत नाही. कराड-सातारा पट्ट्यात महामार्गावर जलद चार्जर आहेत, पण चार्जर असणे आणि तो चालू असणे यांत अंतर आहे. कुठे यंत्र बंद, कुठे आधीच दुसरी गाडी लावलेली, कुठे पैसे भरण्याचे ॲप निराळे. म्हणून ठरवलेल्या थांब्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन पर्याय मनाशी ठेवून निघावे आणि बॅटरी २० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेले असले तरी तेवढी वीज घेण्याची मोटारीची ताकद असेलच असे नाही. छोट्या मोटारी त्याच्या निम्म्यानेही घेत नाहीत, आणि ८० टक्क्यांनंतर तर सर्वच मोटारी हात आखडता घेतात. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी जलद चार्जरवर बसून राहणे म्हणजे आपला वेळ घालवणे आणि मागच्याचा खोळंबा करणे.

घरच्या चार्जिंगला साधा १५ अँपिअरचा सॉकेट पुरतो. २४ किलोवॉट-तासांची बॅटरी त्यावर आठ-नऊ तासांत भरते आणि रोज ती पूर्ण रिकामी होतही नाही. मात्र जुन्या घरातल्या वायरिंगचा भरवसा धरू नये. मीटरपासून स्वतंत्र, जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग एवढे करून घेतलेच पाहिजे. आठ तास सलग पूर्ण भार वाहणे हे इस्त्रीच्या सॉकेटचे काम नव्हे. सात किलोवॉटचा चार्जर बसवायचा तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. अपार्टमेंटमध्ये खरा प्रश्न तांत्रिक नसून सोसायटीच्या बैठकीचा असतो; गाडीची नोंदणी करण्यापूर्वी तो निकालात काढावा. रात्री वीज गेली तर चार्जिंग थांबते आणि आली की बहुधा आपोआप पुढे सुरू होते. छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांचे गणित आणखी सोपे होते. एक किलोवॉटचे पॅनेल महिन्याला सुमारे १२० युनिट देते आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान ठेवले आहे. अर्थात पॅनेलची किंमतही वहीत मांडायची असते, हे काही उत्साही मंडळी विसरतात.

पुराचे काय?

सांगलीत मोटार घेणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, आणि पडायलाच हवा. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांच्या आठवणी नदीकाठच्या गावभागात अजून ताज्या आहेत. विजेची मोटार पाण्यात गेली की शॉक बसतो, ही भीती मात्र बहुतांशी निराधार आहे. बॅटरीची पेटी सीलबंद असते; आयपी ६७ या मानकानुसार एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे अपेक्षित असते. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जायला हे पुरेसे आहे. पण कृष्णेचा पूर अर्ध्या तासात ओसरत नाही, तो दिवसचे दिवस राहतो. इतका काळ बुडालेल्या मोटारीची बॅटरी वाचली, असे बाहेरून पाहून कोणीही सांगू शकत नाही. अशी गाडी सुरू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. सर्व्हिस सेंटरला कळवून उचलून न्यावी. बॅटरी हा मोटारीतला सर्वांत महाग भाग असल्याने विमा घेताना पाण्याने होणारे तिचे नुकसान स्पष्ट शब्दांत अंतर्भूत आहे का, हे पाहावे. थर्ड पार्टी हप्त्यात विजेच्या मोटारीला १५ टक्के सवलत आहे, पण तेवढ्यावर खूश होऊन ही कलमे वाचायची राहू नयेत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेकडे सरकू लागली की गावभागातल्या मालकाने प्रथम मोटार पूर्ण भरून घ्यावी. पुढे वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद केला जातो, आणि कुपवाड-मिरजेच्या उंच बाजूला गाडी हलवायची वेळ येते तेव्हा बॅटरीत दहा टक्के उरलेले असणे परवडत नाही.

देखभालीबाबत मालक सामान्यतः समाधानी असतात. ऑइल नाही, क्लच नाही, ब्रेकही कमी झिजतात. टायर मात्र वजनामुळे आणि तत्काळ मिळणाऱ्या जोरामुळे लवकर झिजतात. गंमत म्हणजे भर रस्त्यात गाडी अडून बसते तेव्हा दोषी बऱ्याचदा मोठी बॅटरी नसते, तर नेहमीच्या गाडीतलीच ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली की मोठ्या बॅटरीत शंभर टक्के वीज असूनही मोटार जागची हलत नाही. दुरुस्तीला मात्र पर्याय थोडे. पेट्रोलच्या गाडीला वाटेवरचा कोणताही मिस्त्री हात लावतो. येथे अधिकृत सर्व्हिस सेंटरचीच पायरी चढावी लागते आणि सुटा भाग कधी कधी आठवडेच्या आठवडे येत नाही.

मोठ्या बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असते. काही मॉडेलांना २०२५ पासून पहिल्या मालकासाठी ती पंधरा वर्षांपर्यंत नेण्यात आली. यातला 'पहिल्या मालकासाठी' हा शब्द महत्त्वाचा आहे. जुनी विजेची मोटार स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने हमी आपल्या नावावर कितपत येते आणि बॅटरीची क्षमता किती उरली आहे, याचा लेखी दाखला मागितलाच पाहिजे. याच कारणाने नवी घेणाऱ्याने पुनर्विक्रीची किंमत जरा कमीच धरावी.

कुपवाडकरांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती मालकीची नसून रोजगाराची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली त्याच जिल्ह्यातली ही वसाहत. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप वाहन उद्योगाच्या ओतकामावर वाढल्या. विजेच्या मोटारीत सिलिंडर ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही, क्लच हाउसिंग नाही. ब्रेकचे ड्रम व डिस्क, चाकांचे हब, सस्पेन्शनचे भाग राहतात. मोटर आणि बॅटरीची कवचे नवी येतात, पण ती बहुतेक ॲल्युमिनियमची, आणि बिडाच्या भट्टीत ॲल्युमिनियमचे डाय कास्टिंग होत नाही. त्यासाठी यंत्रे वेगळी, साचे वेगळे, कर्जही वेगळे. ट्रॅक्टर, पंप आणि जनरेटर यांचे काम अजून बरीच वर्षे चालेल, असे फाउंड्रीचालक म्हणतील आणि ते बरोबरही आहे. तरी ज्याच्या ऑर्डर बुकात मोटारींच्या इंजिनाचे भाग निम्म्याहून जास्त आहेत, त्याच्याकडे नवीन साचा टाकायचा निर्णय आला की हा प्रश्न टेबलावर येतो. मग त्याच्या स्वतःच्या दारात गाडी पेट्रोलची असो की विजेची.