अतिगंभीर जखमींतील अस्थिभंगोपचार

एकाच अपघातात शरीराचे अनेक भाग जखमी होऊन ज्याचे श्वसन व रक्ताभिसरण यंत्रे आणि औषधे यांच्या आधारावाचून चालू शकत नाही, अशा रुग्णाच्या मोडलेल्या हाडांवर करावयाच्या उपचारांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. एरव्ही हाड जुळवून स्थिर ठेवणे हा अस्थिभंगोपचाराचा हेतू असतो व त्यास काही दिवसांचा विलंब झाला, तरी सहसा मोठी हानी होत नाही. अतिगंभीर जखमीत मात्र मोडलेले हाड फुप्फुसे, मेंदू व रक्तक्लथन (रक्त गोठण्याची क्रिया) यांवरही परिणाम करीत असते. त्यामुळे कोणते हाड, केव्हा व किती प्रमाणात दुरुस्त करावे, हा निर्णय शस्त्रक्रियेतील कौशल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

ऊर्वस्थी (मांडीचे हाड) मध्यभागी मोडल्यास त्वचा न फाटताही एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साठते. श्रोणीचे (कमरेच्या हाडांचे) कडे फाकल्यास रक्तस्राव याच्या कितीतरी पट होऊ शकतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात एकूण रक्त सु. पाच लिटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्यांचा अर्थ कळतो. याखेरीज लांब हाडांच्या मज्जेतील वसेचे (चरबीचे) कण फाटलेल्या नीलांवाटे फुप्फुसांतील केशवाहिन्यांत जाऊन अडकतात. बहुतेकांत त्याची लक्षणे उमटत नाहीत. काहींत मात्र एक ते तीन दिवसांत धाप, बुद्धिभ्रम आणि छाती, काखा व डोळ्यांच्या आतील पापुद्र्यावर बारीक लाल ठिपके दिसू लागतात. यास वसा-अंतर्कीलन म्हणतात. फ्रीड्रिख त्सेंकर या जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी १८६२ मध्ये शवपरीक्षेच्या आधारे त्याचे वर्णन केले. हाडाची सुटी टोके जितकी हालतील, तितका रक्तस्राव व वसेचा हा ओघ वाढतो.

साधी खपाटीसुद्धा जीव वाचवू शकते, हे पहिल्या महायुद्धात दिसून आले. ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांनी तयार केलेली लोखंडी कड्याची खपाटी रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहामुळे ब्रिटिश सैन्यात वापरात आली आणि मांडीच्या गोळीबारजन्य अस्थिभंगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. ही घट नेमकी किती याविषयी मतभेद आहेत, घट झाली याविषयी नाहीत. १९४० च्या सुमारास कील येथील गेरहार्ड क्युन्चर यांनी हाडाच्या मज्जागुहेत लांब खिळा ठोकण्याची पद्धती प्रचारात आणली. १९५२ मधील कोपनहेगनच्या पोलिओ साथीत ब्यर्न इब्सेन यांनी श्वासनालात नळी घालून दीर्घकाळ कृत्रिम श्वसन चालविले. अतिदक्षता विभागाची सुरुवात साधारणपणे तेथून मानतात.

तरीही पुढे अनेक वर्षे असा रुग्ण शस्त्रक्रियेस असमर्थ समजून त्याचा पाय वजने लावून ताणून ठेवला जाई. या समजुतीची मोठी किंमत मोजावी लागली. ताण लावलेल्या रुग्णास कुशीवर वळविता येत नाही, नीट उठवून बसविता येत नाही. फुप्फुसांच्या खालच्या भागात स्राव साचून जंतुसंक्रामण होते आणि श्वसनयंत्रावरील दिवस वाढत जातात. डॅलस येथे १७८ रुग्णांवर केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, ऊर्वस्थी पहिल्या २४ तासांत स्थिर केलेल्या बहुआघाती रुग्णांत फुप्फुसांचे उपद्रव कमी आढळले. त्यानंतर सर्व अस्थिभंग पहिल्याच दिवशी दुरुस्त करण्याकडे कल झुकला.

तो कल थोडा अतिरेकी होता. छातीस जबर मार लागलेल्या काही रुग्णांत मज्जागुहा कोरून खिळा बसविल्यावर श्वसन ढासळते, असे हॅनोव्हर येथील शल्यचिकित्सकांनी १९९० नंतर दाखवून दिले. अपघात हा पहिला आघात. त्याने शरीरभर शोथाची (दाहयुक्त सुजेची) प्रतिक्रिया चेतविलेली असते. अशा वेळी लांबलेली शस्त्रक्रिया, तीतील रक्तस्राव आणि मज्जेवर येणारा दाब हा दुसरा आघात ठरतो. यातूनच हानी-नियंत्रणाचे तत्त्व पुढे आले. त्यानुसार मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंस त्वचेतून कांब्या बसवून त्या बाहेरून दांड्याने जोडतात. हा बाह्य स्थिरक साधारण अर्ध्या तासात बसतो व रक्तस्रावही अल्प होतो. सुमारे पाचव्या दिवसानंतर, प्रकृती सावरली म्हणजे, तो काढून खिळा घालतात. दोन आठवड्यांपलीकडे थांबल्यास कांब्यांच्या वाटेने जंतुसंक्रामणाचा धोका वाढतो.

दोहोंतील निवड आता रुग्णाच्या शरीरस्थितीवरून करतात. रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण लिटरला ४ मिलिमोलपेक्षा कमी व पीएच मूल्य ७.२५ किंवा अधिक असल्यास ३६ तासांच्या आत कायमचे स्थिरीकरण करावे, असा एक संकेत प्रचलित आहे. शरीर गार पडलेले, रक्त न गोठणारे किंवा मेंदूतील दाब वाढलेला असल्यास बाह्य स्थिरकावर थांबणे श्रेयस्कर. मेंदूस इजा झालेल्या रुग्णात शस्त्रक्रियेतील क्षणिक रक्तदाबपातही घातक ठरू शकतो.

बेशुद्ध रुग्ण दुखते असे सांगू शकत नाही, ही या उपचारातील आणखी एक अडचण. पोटरीच्या स्नायुकप्प्यांत सूज येऊन रक्तप्रवाह तुटू लागल्याची पहिली खूण म्हणजे असह्य वेदना; तीच येथे हरवते. म्हणून कप्प्यातील दाब सुईने मोजतात. रुग्णाचा प्रसरणीय (खालचा) रक्तदाब आणि हा दाब यांत पाऱ्याच्या ३० मिमी.पेक्षा कमी अंतर राहिल्यास आवरण चिरून कप्पा मोकळा करतात. काही तासांची दिरंगाईही पाय गमावण्यास पुरेशी होते. हातापायांचे लहान अस्थिभंगही नजरेतून सुटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी नखशिखांत तपासणी पुन्हा करणे आवश्यक असते.

महाराष्ट्रात या उपचारांचा कस अंतरामुळे लागतो. रायगड जिल्ह्यातील खांब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर (क्र. ६६, पूर्वीचा १७) नागोठण्याच्या पुढे, सुकेळी खिंड व कोलाड यांच्या दरम्यान आहे. येथील जखमीस रोहा किंवा अलिबाग येथील शासकीय रुग्णालयांत प्रथमोपचार मिळू शकतात. मेंदू, छाती व हाडे यांवर एकाच छताखाली उपचार हवे असल्यास बहुधा नवी मुंबई वा मुंबई गाठावी लागते. ४ मे २०१४ रोजी नागोठणे व रोहा या स्थानकांदरम्यान दिवा–सावंतवाडी गाडी घसरून सु. वीस प्रवासी मृत्यू पावले व शंभरांहून अधिक जखमी झाले, तेव्हा जखमींना अनेक ठिकाणी विभागून न्यावे लागले. त्याच वर्षी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. अशा प्रवासात मोडलेला पाय खपाटीत, ती नसल्यास दुसऱ्या पायाशी बांधावा. श्रोणी मोडल्याचा संशय असल्यास नितंबांच्या पातळीवर, मांड्यांच्या वरच्या हाडांच्या उंचवट्यांवरून, चादर घट्ट आवळावी; ती कमरेवर बांधल्यास उपयोग होत नाही. रुग्ण वारंवार कुशीवर वळवू नये, आणि पायाचा रंग व नाडी वाटेत तपासत राहावी. लांबच्या प्रवासापूर्वी जवळच्या रुग्णालयात बाह्य स्थिरक बसविणे शक्य असले, तरी रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णास त्यासाठी थांबवून ठेवू नये.