साळू पाचव्या लेव्हलला पोचते तेव्हा

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. अशनी आदळून बेसॉल्टच्या खडकात ते झालं, असं भूशास्त्र सांगतं. तिथं जमिनीखाली लोणासुर नावाचा दैत्य राहत होता आणि विष्णूनं त्याचा वध केला, असं गावातली कथा सांगते. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. काठावर गोमुखाची धार, तळाशी खारं सरोवर, पाण्याजवळ कमळजा देवीचं देऊळ. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालेलं सगळ्यांनी पाहिलं. अद्भुत कथेच्या खेळाला याहून चांगली जागा शोधायला कुठं जायचं? म्हणून डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात पात्र कसं वाढवायचं हे सांगताना मी पात्र बुलढाणा जिल्ह्यातलंच घेतो.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर किंवा नुसतं डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगतात. काम जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ छापला. आज संगणकावरच्या बहुतेक रोल-प्लेइंग खेळांत जी लेव्हल आणि एक्सपीची भाषा दिसते, ती इथून आलेली. खाली मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरले आहेत, कारण ते पुष्कळांच्या हाताशी असतात.

आपलं पात्र साळू. घाटावरच्या धनगर कुटुंबातली पोर, ज्ञानगंगेच्या जंगलाच्या कडेनं मेंढरं राखणारी. तिथं अस्वलं आहेत, बिबटे आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून याच जंगलात येऊन थांबला होता. अशा रानात वाढलेल्या मुलीला माग काढता येणार, धनुष्य चालवता येणार. म्हणून तिचा पेशा रेंजर.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, जाण आणि छाप. सुरुवातीला वाटायला ठरलेले आकडे मिळतात: १५, १४, १३, १२, १० आणि ८. साळूच्या चपळाईला १५, जाणेला १४, काटकपणाला १३, ताकदीला १२, बुद्धीला १०. उरलेला ८ छापेला. माणूस म्हणून प्रत्येकात एकाची भर पडते, तेव्हा चपळाई १६ होते आणि छाप ९. फाशात मिसळायचा आकडा काढायचा तर गुणातून दहा वजा करायचे, निम्मे करायचे आणि अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्यायचा. चपळाईचे अधिक ३, छापेचा उणे १. हा उणे एक खोडू नका. साळूची पुढची सगळी गोष्ट त्याच्यातून निघणार आहे.

आता वाढ. पहिल्या लेव्हलवरून दुसरीला जायला ३०० अनुभवगुण लागतात, म्हणजे एक्सपी. तिसरीला एकूण ९००, चौथीला २,७००, पाचवीला ६,५००. गॉब्लिन हा छोटा राक्षस मारला की ५० गुण मिळतात, तेही सगळ्यांत वाटून. चौघांना दुसरी लेव्हल गाठायची तर केवळ हाणामारीवर असे चोवीस मारावे लागतील. लोणासुराचे अनुचर मारत बसलो तर दोन बैठका त्यातच जातील, आणि साळू त्यातून काय शिकली, तर बाण मारणं. ते तिला आधीच येत होतं.

गुण कशाचे द्यायचे हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या नियमांत गुण मुख्यतः खजिन्याचे मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. त्यामुळे शहाणे खेळाडू राक्षसाशी भिडतच नसत. तो झोपलेला असताना सोनं उचलून पळत. बक्षीस जिथं, तिकडं खेळ वळतो. म्हणून माझ्या मते डीएमनं पहिल्याच बैठकीत खेळाडूंना सांगून टाकावं: विवराचा नवा भाग धुंडाळला तर इतके गुण, गावकऱ्याचा भरवसा कमावला तर इतके, लढाई टाळून वाट काढली तर लढाईइतकेच. पुष्कळ डीएम हिशेबच ठेवत नाहीत. गोष्टीतला मोठा टप्पा पार पडला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढवतात. विवराच्या तळाशी सुखरूप उतरलात, झाली दुसरी लेव्हल. नव्या खेळाडूंसाठी हेच बरं.

लेव्हल वाढली की काही गोष्टी आपोआप येतात. साळूचा जीव, म्हणजे एचपी, पहिल्या लेव्हलला १२ होता. ठरलेली सरासरी घेतली तर दुसरीला २० होतो. दुसऱ्या लेव्हलला रेंजर लढण्याची शैली निवडतो. धनुर्विद्या घेतली की बाणाच्या नेमात दोन मिळतात, शिवाय थोडी जादूही येते. तिसरीला रेंजरची शाखा ठरते: शिकारी व्हायचं की जनावराला सोबती करायचं. यातल्या बहुतेक निवडी पात्र घेतानाच मनात ठरलेल्या असतात, त्यांवर फार वेळ घालवू नये.

खरा विचार चौथ्या लेव्हलला करायचा. इथं तीन वाटा असतात: एका गुणात दोन वाढवा, दोन गुणांत एकेक वाढवा, किंवा डीएमची परवानगी असेल तर एखादं खास कसब घ्या. अनुभवी खेळाडू डोळे मिटून सांगेल, चपळाई १८ कर. त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण तो हिशेब पुरता मांडून पाहू, कारण इथंच पात्र घडतं किंवा नुसतं फुगतं.

समोर १५ चिलखत-अंकाचा गॉब्लिन आहे. साळूच्या बाणाला सरावाचे २, चपळाईचे ३ आणि शैलीचे २ असे ७ मिळतात. बेरीज १५ व्हायला फाशावर ८ किंवा जास्त हवेत. म्हणजे शंभरात ६५ वेळा बाण लागतो. लागला तर सरासरी साडेसात इजा. न लागलेले बाणही धरले तर दर खेपेला पाचाला थोडी कमी. चपळाई १८ केली तर बाण ७० वेळा लागेल, इजा साडेआठ होईल, आणि खेपेची सरासरी सहाच्या जवळ जाईल. फायदा आहे, पण साधारण एका इजेचा.

आता एक लेव्हल पुढं पाहा. पाचवीला सरावाचा अंक २ वरून ३ होतो आणि रेंजरला एका खेपेत दोन बाण सोडता येतात. चपळाईला हात न लावताही प्रत्येक बाण ७० वेळा लागणार आणि खेपेची सरासरी साडेदहावर जाणार, चौथ्या लेव्हलच्या दुपटीहून जास्त. चपळाई १८ असेल तर पावणेतेरा. साळू लढाईत पाचवीला दुप्पट होणारच आहे. ते नियम करून देतो, त्यासाठी आपल्याला काही मोजावं लागत नाही. म्हणून चौथीची निवड गोष्टीला द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

गोष्टीला म्हणजे कशी, तर आपल्या डावात असं घडलं असं धरू. विवरात फिरणाऱ्या एका लांडगामानवाला साधं लोखंड लागत नाही, चांदी लागते. नियमात दहा बाणांना चांदी चढवायला १०० सोन्याची नाणी पडतात. चांदी कुठं मिळणार? घाटाखाली, खामगावात, तिथल्या चांदीचं नाव सगळीकडे आहे. साळू पेढीवर जाते. तिच्या गाठीला साठ नाणी आहेत.

डीएम शेटजी होऊन विचारतो, ‘काय पाहिजे, बाई?’

साळू म्हणते, ‘बाणाला चांदी लावून द्या. साठ आहेत. उरलेले मेंढरं विकून देईन.’

‘मेंढरं कुठं आहेत?’

‘रानात.’

डीएम म्हणतो, फासा टाक, १५ हवेत. छापेचा उणे १ आहे, म्हणजे फाशावरच १६ यायला हवेत: शंभरात २५ वेळा. फासा ६ दाखवतो. शेटजी नोकराला सांगतो, हिला पाणी पाज आणि वाटेला लाव. सोबतचा कुणी तिच्या बाजूनं बोलला असता तर दोन फासे टाकून मोठा घेता आला असता आणि शक्यता ४४ च्या आसपास गेली असती. पण साळूनं कुणाला सोबत नेलंच नव्हतं. रानात एकटं राहायची सवय.

ही खरी बैठक. पुढच्या लेव्हलला साळूच्या खेळाडूनं चपळाई वाढवली तर खामगावात जे घडलं ते पुसलं जातं. त्यानं ‘स्किल्ड’ हे खास कसब घेतलं तर तीन नव्या गोष्टींचा सराव मिळतो. त्यातली एक मनधरणी घ्यावी. उणे १ मध्ये सरावाचे २ मिळाले की शक्यता ३५ होते. पाचव्या लेव्हलला सराव ३ झाला की आपोआप ४०. आकडा बेताचाच, पण तो कुठून आला हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. मधल्या दिवसांत ती बाजारात बसून लोकांचं बोलणं ऐकते, असे दोन प्रसंग डीएमनं जरूर घालावेत.

पेशा बदलायचीही सोय आहे. साळूला ज्ञानगंगेच्या रानात एखादा म्हातारा वैदू भेटला आणि झाडपाल्याची विद्या मिळाली, तर पुढची लेव्हल ड्रूइड या पेशाची घेता येते. त्यासाठी रेंजरची चपळाई आणि जाण दोन्ही किमान १३ हव्यात, ड्रूइडला जाण १३ हवी. तिच्याकडे ते सगळं आहे. मात्र दोन बाणांची शक्ती रेंजरच्या पाचव्या लेव्हलला मिळते, पात्राच्या एकूण पाचव्या लेव्हलला नाही. नवे खेळाडू इथं हमखास फसतात. वैद्यकी शिकायची तर पाचवीनंतर.

वाढीची दुसरी तऱ्हाही आहे आणि मला ती मनापासून आवडते. रूनक्वेस्ट या १९७८ च्या खेळात जे कसब वापराल तेच वाढतं. माग काढणं ४० टक्के येत असेल आणि एखाद्या प्रसंगात ते जमलं, तर त्यावर खूण करायची. नंतर शंभराचा फासा टाकायचा; आकडा ४० च्या वर आला तरच कसब वाढतं. म्हणजे नवख्याला वाढायची संधी ६० टक्के, ९० टक्के येणाऱ्याला फक्त १०. माणूस शिकतो तो साधारण असाच. संगणकावर स्कायरिमनं २०११ मध्ये हीच कल्पना घेतली, पण तिथं अडवायला डीएम नव्हता. लोक एका जागी उभे राहून लोखंडी खंजिरांचे ढीग लावत लोहारकाम वाढवू लागले.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२० चा खेळ. तो पुरता रोल-प्लेइंग नाही, साहसाचा आहे. पण हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीला देवतांकडून आयुधं मिळत जातात आणि तिची वाढ त्या आयुधांतून दिसते. टेबलावरही हे करता येतं. साळूला जादूचं धनुष्य अनोळखी गुहेत सापडण्यापेक्षा आजीच्या धनुष्यात विवरातल्या प्रसंगानंतर शक्ती यावी. पाचव्या आवृत्तीच्या २०२४ च्या नव्या नियमांत तर सुरुवातीची गुणवाढ पात्राच्या वंशावर नाही, पूर्वायुष्यावर ठरते. मला तो बदल योग्य वाटतो. मेंढरं राखण्यानं काटकपणा आणि जाण यावी, हे पटतं.

एवढं सांभाळायला एक वही पुरे. दर बैठकीनंतर कॅरेक्टर शीटच्या मागं एकच ओळ लिहावी: पात्राला आज काय जमलं नाही. लेव्हल वाढायच्या वेळी त्या ओळी वाचाव्यात आणि मग नियमांचं पुस्तक उघडावं.

साळूची अशी पुढची निवड आठव्या लेव्हलला, ३४,००० गुणांवर. तोवर समोरच्यांची चिलखतं जड झालेली असतील आणि १६ चपळाई कमी पडू लागेल. तेव्हा मात्र चपळाई १८ करावी.