चोर सुटले, संन्यासी सापडले

१९५०च्या आसपास अमेरिकेत कम्युनिस्ट हेरांची जी धास्ती पसरली होती, तिच्याबद्दल दोन ठाम मतं ऐकू येतात. पहिलं, हेर वगैरे कुणी नव्हतेच, सगळा राजकारण्यांचा कांगावा होता. दुसरं, सिनेटर जोसेफ मॅकार्थी खराच होता, डाव्यांनी त्याला बदनाम केलं. दोन्ही मतं चुकीची आहेत. हेर होते, आणि बरेच होते. पण ते सापडले एका वाटेने आणि देशभर झोडपाझोडपी चालली ती दुसऱ्याच वाटेने.

आधी ‘हेर नव्हतेच’चं पाहू. फेब्रुवारी १९४३मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉल इथे अमेरिकी लष्कराने सोव्हिएत वकिलातींच्या सांकेतिक तारा उकलायला घेतल्या. सुरुवात केली जीन ग्रेबील या तरुणीने. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ती शाळेत शिकवत होती. या कामाला पुढे ‘व्हेनोना’ असं नाव पडलं. सोव्हिएत कारकून मजकुराचे आकडे करायचा, मग एका वहीतल्या वेड्यावाकड्या आकड्यांची त्यात बेरीज करायचा. वहीचं प्रत्येक पान एकदाच वापरायचं, ही अट पाळली तर अशी तार कुणाच्या बापाला उकलता येत नाही. पण १९४२च्या सुरुवातीला, युद्धाच्या धांदलीत, मॉस्कोत हजारो पानं दोनदा छापली गेली. तेवढी फट पुरली. डिसेंबर १९४६मध्ये मेरेडिथ गार्डनर या भाषातज्ज्ञाने १९४४ची एक तार वाचली आणि तिच्यात अणुबॉम्ब प्रकल्पातल्या आघाडीच्या शास्त्रज्ञांची यादीच निघाली.

पुढे सुमारे ३,००० तारा कमीअधिक उकलल्या. क्लाउस फुक्स हा भौतिकशास्त्रज्ञ, ज्युलियस रोझेनबर्ग हा अभियंता, अशी नावं त्यातूनच हाती लागली. मात्र तारेत टोपणनाव आलं म्हणजे माणूस हेर, असंही नाही. टोपणनाव रूझवेल्टलाही होतं आणि चर्चिललाही.

गंमत म्हणजे व्हेनोनाचं गुपित मॉस्कोला लवकरच कळलं. आर्लिंग्टन हॉलमध्येच काम करणारा विल्यम वाइसबँड त्यांचा माणूस होता, आणि ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या किम फिल्बीलाही या कामाची माहिती होती. अमेरिकी जनतेला मात्र ते जुलै १९९५पर्यंत सांगितलं गेलं नाही. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं ठाऊक, आणि ज्यांच्या नावाने देश चालतो ते अंधारात! अफवांचं पीक एरवीही आलं असतं, पण त्याला इतकं खतपाणी मिळालं ते या मौनामुळे, असं माझं मत आहे.

आता मॅकार्थी. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी त्याने परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात असल्याचं सांगितलं. काही दिवसांत २०५चे ५७ झाले, मग ८१. पण हे वरातीमागून घोडं होतं. एलिझाबेथ बेंटली ही हेरांची दूत १९४५मध्येच एफबीआयकडे गेली होती आणि त्यानंतर मॉस्कोने आपली जाळी गुंडाळायला घेतली होती. फुक्सला लंडनमध्ये अटक झाली ती व्हीलिंगच्या भाषणाच्या आठवडाभर आधी. मॅकार्थीच्या आरोपांवरून एकाही माणसावर हेरगिरीचा गुन्हा शाबीत झाला नाही. डिसेंबर १९५४मध्ये सिनेटनेच ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याची निंदा केली.

तरी सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडणंही खरं नाही. सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी मार्च १९४७मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सुरू केली, आणि ते मॅकार्थीच्या विरोधी पक्षाचे. हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना १९४७मध्ये उभं केलं ते प्रतिनिधीगृहाच्या समितीने; मॅकार्थी सिनेटचा, त्या समितीत तो असणं शक्यच नव्हतं. समितीला उत्तरं नाकारणारे दहा जण तुरुंगात गेले. त्यातल्या दोघांना डॅनबरीच्या तुरुंगात सोबत मिळाली ती त्या समितीच्याच अध्यक्षाची. पार्नेल थॉमस पगाराच्या अफरातफरीत आत आला होता.

सर्वांत जास्त गैरसमज रोझेनबर्ग दांपत्याबद्दल आहेत. १९ जून १९५३ रोजी न्यूयॉर्कजवळच्या सिंग सिंग तुरुंगात ज्युलियस आणि एथेल यांना विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. मागे १० आणि ६ वर्षांचे दोन मुलगे राहिले. ‘देशद्रोहासाठी फाशी’ असं सर्रास लिहिलं जातं. यातले दोन्ही शब्द चुकीचे. आरोप होता हेरगिरीच्या कटाचा. अमेरिकी राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या शत्रूला मदत करण्याशी जोडलेली आहे, आणि १९४४-४५मध्ये सोव्हिएत संघ अमेरिकेचा दोस्त होता.

ज्युलियस निर्दोष होता, असं डाव्या वर्तुळांत पन्नासेक वर्षं मानलं गेलं. तो निर्दोष नव्हता. व्हेनोनात तो आधी ‘अँटेना’ आणि मग ‘लिबरल’ या नावाने वावरतो, आणि सहआरोपी मॉर्टन सोबेलने २००८मध्ये हेरगिरीची कबुली दिली. पण बॉम्बचं गुपित त्यानेच दिलं, हीदेखील अतिशयोक्ती. त्याचा हात लष्करी इलेक्ट्रॉनिक्समध्ये होता. बॉम्बबद्दलची खरी मोलाची माहिती फुक्सने पुरवली. त्याला ब्रिटनमध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली आणि तो १९५९मध्ये सुटलाही. लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेतला कोवळा शास्त्रज्ञ टेड हॉल याच्यावर तर कधी खटलाच भरला नाही.

आणि एथेल? २७ नोव्हेंबर १९४४च्या तारेत तिची नोंद आहे: वय २९, नवऱ्याच्या कामाची कल्पना आहे, तब्येत नाजूक असल्याने स्वतः काम करत नाही. तिला टोपणनावसुद्धा दिलेलं नव्हतं. तिच्या भावजयीला, रूथ ग्रीनग्लासला, ते होतं: ‘ओसा’, म्हणजे गांधीलमाशी. रूथवर खटला झाला नाही. एथेलला खुर्चीत बसवलं ते मुख्यतः सख्ख्या भावाच्या, डेव्हिडच्या साक्षीवर. चोरलेली टिपणं तिने टंकलिखित केली, असं त्याने सांगितलं. तो दहाएक वर्षांत तुरुंगातून बाहेर आला आणि पुढे २००१मध्ये त्याने मान्य केलं की बायकोला वाचवण्यासाठी आपण खोटं बोललो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसंच म्हणावं का? अगदी तसंही नाही. एथेलला ठाऊक होतं. पण ठाऊक असण्याला मृत्युदंड नसतो.

‘ओपनहायमर’ चित्रपटानंतर आपल्याकडेही एक प्रश्न विचारला जातो, की अणुबॉम्ब प्रकल्पातला शास्त्रज्ञ ओपनहायमर रशियाचा हेर होता का? तसा कोणताही भरवशाचा पुरावा नाही. १९५४मध्ये अणुऊर्जा आयोगाने त्याचा गुप्त कागद पाहण्याचा अधिकार काढून घेतला, तोही मुदत संपायच्या एक दिवस आधी. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकी सरकारने तो निर्णय रद्द केला.

शेवटचा गैरसमज आजही चलनात आहे: माणसाची मतं तपासली की हेर सापडतो. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स १९९४मध्ये पकडला गेला, एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन २००१मध्ये. दोघांनी वर्षानुवर्षं मॉस्कोला गुपितं विकली ती रोख पैशांसाठी. दोघांपैकी कुणीच कम्युनिस्ट नव्हतं. एम्स तर असत्यशोधक यंत्राच्या चाचणीतूनही दोनदा सहीसलामत सुटला होता.

व्हेनोनाच्या तारा आता अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. या विषयावर वाद घालायचाच असेल, तर आधी २७ नोव्हेंबर १९४४ची ती तार वाचा. जेमतेम काही ओळींची आहे.