पुस्तक एक, वाचणारे अनेक

फिलिपाईन्सची राजधानी मनिला. तिला लागून मकाती नावाचे शहर आहे. तिथल्या बालागतास रस्त्यावर राहणाऱ्या हर्नांदो ग्वानलाव या गृहस्थांनी २००० साली आपल्या दारात पुस्तके मांडली. शंभरसुद्धा नव्हती. आई-वडील वारले होते, वाचनाची गोडी त्यांनीच लावली होती. त्यांची आठवण म्हणून घरातली जुनी पुस्तके बाहेर काढली. ज्याला हवे त्याने न्यावे! वर्गणी नाही, अनामत नाही, नाव-गाव लिहून घेणे नाही, परतीची तारीख नाही. कायमचे ठेवून घेतले तरी विचारणार कोणी नाही.

माझे पोट आवक-जावक रजिस्टरवर चालते. त्यामुळे हे वाचल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की महिनाभरात या माणसाचे दार रिकामे होणार. वाचकहो, तुम्हालाही तसेच वाटले असेल. पण २०१२ साली बीबीसीने त्यांच्यावर वृत्तांत दिला तेव्हा तिथे दोन-तीन हजार पुस्तके होती. दारातून घरात, घरातून जिन्यावर, अशी चढत गेलेली. नेणाऱ्यांपेक्षा आणून देणारे जास्त निघाले!

एका माणसाचे वेड म्हणून हे सोडून देता आले असते. पण त्या देशात पुस्तक चारचौघांत वाचण्याची रीत फार जुनी आहे. तागालोग भाषेत वाचण्याला 'बासा' म्हणतात. हा शब्द मलय भाषेच्या वाटेने, आपल्या 'वाचणे'शी नाते सांगणाऱ्या संस्कृत शब्दावरून तिकडे गेला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. शिक्षकाला तिकडे 'गुरो' म्हणतात, ते तर सांगायलाच नको. या 'बासा'वरून झाला 'पाबासा'. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ख्रिस्ताच्या यातनांची पद्यकथा घराघरांत आणि गल्लीतल्या छोट्या प्रार्थनाघरांत लावतात. एक थकला की दुसरा पुढची ओळ उचलतो. रात्र उलटून जाते, तरी वाचन थांबत नाही. वाचणाऱ्यांच्या जेवणाखाणाची सोय ज्याच्या घरी वाचन असते तो करतो. ही कथा स्पॅनिश राजवटीत छापली गेली, लोकांनी मुकाट सोसावे हा धडा देण्यासाठी. पण गोरगरिबांनी तिच्यात स्वतःचे दुःख वाचले आणि सुटकेची आशाही वाचली, असे रेनाल्दो इलेतो या इतिहासकाराने १९७९च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. देणाऱ्याने एका हेतूने दिलेले पुस्तक घेणारा दुसऱ्याच अर्थाने वाचतो, ते असे.

त्या देशाचा राष्ट्रपुरुष होसे रिझाल. पेशाने डोळ्यांचा डॉक्टर, वृत्तीने लेखक. त्याला अक्षर लावले ते आईने, तेओदोरा यांनी. एकदा दिव्याशी बसून त्या मुलाला पतंगाची गोष्ट वाचून दाखवत होत्या. आईचे न ऐकता ज्योतीजवळ गेलेला पतंग जळून मरतो, अशी ती गोष्ट. पोराची नजर मात्र समोरच्या खऱ्या दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांवर! आठवणींत रिझालने हे स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १८८७ मध्ये त्याने बर्लिनला 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी छापली. पैसे मित्राकडून उसने घेतले, प्रती दोन हजार. पाद्र्यांच्या जुलमावर तिच्यात कोरडे ओढलेले होते. सरकारी चौकशी मंडळाने तिच्यावर बंदी घालावी असे कळवले. शिवाय कादंबरी स्पॅनिशमध्ये, आणि ती भाषा येणारे देशात मूठभर. म्हणजे मूठभरांनी चोरून वाचायचे आणि बाकीच्यांनी त्यांच्या तोंडून ऐकायचे. १८९६ साली रिझालला गोळ्या घालून ठार केले, तोवर त्याचे नाव वस्त्या-वस्त्यांत गेले होते.

त्या चोरून वाचणाऱ्यांत एक होता आंद्रेस बोनिफासिओ. मनिलाच्या तोंदो भागातला, लहानपणी पोरका झालेला. काठ्या आणि कागदी पंखे विकून त्याने धाकट्या भावंडांना जगवले, पुढे परदेशी कंपनीच्या गुदामात नोकरी धरली. शाळा अर्धवट सुटलेली. रात्री दिव्याखाली बसून हा माणूस फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास वाचत असे, 'ले मिझराब्ल' वाचत असे, रिझाल वाचत असे. १८९२ साली त्याने कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभी केली. गुदामातल्या या कामगाराची वाचनयादी पाहून मला माझ्या बी. कॉम.ची लाज वाटली, हे कबूल करतो.

१९५६ पासून रिझालच्या कादंबऱ्या तिथे कायद्याने शाळा-कॉलेजात शिकवाव्या लागतात. आता सक्तीचे पुस्तक पोरे कशी वाचतात हे आपण जाणतोच.

आवडीने वाचले ते कॉमिक्स. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला तिकडे 'सारी-सारी' म्हणतात. साबण, मीठ, एखादी सिगारेट सुटी मिळणारे दुकान. पन्नास-साठ-सत्तरच्या दशकांत अशा दुकानांत दोरीवर चिमट्याने कॉमिक्स लटकलेली असत. विकत घेण्याची ऐपत नाही, तर काही सेंतावो देऊन तिथल्याच बाकावर बसून वाचायचे आणि परत द्यायचे. एक अंक किती हातांतून जाई याचा हिशेब कंपनीलाही लागला नसता. मार्स रावेलो यांची 'दार्ना' १९५० मध्ये अशीच घरोघरी पोचली. खेड्यातली गरीब मुलगी जादूचा खडा गिळते आणि बलवान होऊन दुष्टांशी लढते! शिकलेली मंडळी या कागदाला नाके मुरडत. पण ज्या घरात दुसरा छापील कागद नव्हता, तिथे वाचनाची सवय याच कागदाने लावली.

आता शिकलेल्यांची वाचक मंडळे आहेत. एखाद्या उपाहारगृहात जमून एका पुस्तकावर तासभर वाद घालतात. २०११ साली अशा वाचकांनी स्वतःचे संमेलन भरवले. आपल्याकडे संमेलनात व्यासपीठावर लेखक बसतात आणि वाचक खाली सतरंजीवर. वाचकांनीच संमेलन भरवावे ही कल्पना मला फार आवडली. मात्र या मंडळांत पुस्तके बरीचशी इंग्रजी, आणि नव्या इंग्रजी पुस्तकाची किंमत मजुराच्या दिवसाच्या कमाईला भारी. सारी-सारीच्या बाकावरचा वाचक इथे कुठे बसणार?

त्याच्यासाठी सरकारने कायदा केला होता. १९९४चा. प्रत्येक शहरात, नगरात वाचनालय आणि प्रत्येक बरंगायमध्ये, म्हणजे सर्वांत लहान वस्तीत, वाचन केंद्र. बरंगाय सुमारे बेचाळीस हजार. वाचनालये त्या मानाने फारच थोडी उभी राहिली. २०१८ साली पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, तीत वाचनात ७९ देशांमध्ये फिलिपाईन्स शेवटचा आला. ज्या देशात रात्र-रात्र पाबासा चालतो, तिथली मुले! चाचणी इंग्रजीत होती, हे खरे. बहुतेकांच्या घरात ती भाषा बोलली जात नाही, हेही खरे. पण वस्तीत हाताशी पुस्तकच नसेल, तर कोणत्या भाषेत वाचता येईल?

ग्वानलाव यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. दारापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी त्यांनी सायकलला मोठी टोपली बांधली, तीत पुस्तके भरली आणि रस्त्यारस्त्यांतून फिरू लागले. नोंदवही त्या टोपलीतही नव्हती.