बंद न पडणारी गाडी : स्वयंचलित गिअरविषयी काही गैरसमज

मोटार नव्याने शिकणाऱ्या इसमास ज्या एका गोष्टीची सर्वांत अधिक लाज वाटते, ती म्हणजे भर चौकात, पाठीमागे भोंग्यांचा कल्लोळ चालू असता, क्लच बेताने न सुटल्यामुळे गाडी आचका देऊन बंद पडणे. आणि स्वयंचलित गिअरची मोटार घेणाऱ्या मंडळींपैकी अनेकांचे ती घेण्याचे खरे कारण, तोंडाने ते रहदारीचे वा गुडघेदुखीचे सांगत असले तरी, या लाजेतून कायमची सुटका हेच असते. ही सुटका खरी आहे, यात संशय नाही. परंतु गाडीचे ते बंद पडणे ही केवळ नामुष्की नव्हती. चालकाच्या चुकीवर यंत्राने आपण होऊन घातलेला तो एक आळाही होता. पाय अवेळी सुटला की इंजिन मान टाकी, आणि घाबरलेल्या माणसाचा डावा पाय सवयीने क्लचवर पडला की इंजिन व चाके यांची तत्काळ फारकत होई. स्वयंचलित गाडीत हा आळा नाही. ती बंद पडत नाही, म्हणजेच चूक झाली तरी ती चालूच राहते, आणि तिच्याविषयीचे बहुतेक घातक गैरसमज याच एका गोष्टीच्या विस्मरणातून उपजलेले आहेत.

त्यांचा परामर्श घेण्यापूर्वी, ‘ऑटोमॅटिक’ म्हटली की सगळ्या गाड्या एकाच जातीच्या, ही समजूत दूर केली पाहिजे. कारण आपल्याकडे या एका नावाखाली निदान चार निरनिराळ्या रचना विकल्या जातात. सर्वांत मुरलेली रचना टॉर्क कन्व्हर्टरची: तेलाने भरलेल्या बंद पात्रात दोन पातीदार चाके समोरासमोर असतात, इंजिनाने फिरविलेले चाक तेल ढकलते आणि त्या तेलाच्या रेट्याने दुसरे चाक फिरू लागते. याच तत्त्वाचे पूर्वरूप जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ या नावाने बाजारात आणले होते. दुसरी रचना सीव्हीटी, जीत ठरीव टप्पे नसून दोन पुलींवरून फिरणारा पट्टा त्यांच्या बदलत्या व्यासानुसार प्रमाण पालटीत राहतो. तिसरी दुहेरी क्लचची, जीत विषम गिअरांचा क्लच वेगळा व सम गिअरांचा वेगळा. चौथी, म्हणजे एएमटी, ही आपल्या देशात खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या दारात आली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर. हीत नेहमीची गिअरपेटी व नेहमीचाच क्लच कायम ठेवून ते दाबण्या-ढकलण्याचे काम तेवढे यंत्राकडे सोपविलेले असते. आपली गाडी यांपैकी कोणत्या जातीची हे पुष्कळ मालकांना ठाऊक नसते, आणि विक्रेतेही ते सांगण्याची तसदी सहसा घेत नाहीत. पण पुढील कित्येक बाबतींत योग्य वर्तन त्यावरच अवलंबून आहे.

आता मुख्य गैरसमज. ‘मी ब्रेकच दाबला होता, गाडी आपोआप सुटली’, हे वाक्य स्वयंचलित गाडीच्या अपघातानंतर इतक्या वेळा आणि इतक्या प्रामाणिकपणे उच्चारले जाते की, ते खोटे म्हणवत नाही. तथापि ते बहुधा खरे नसते. १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० या मोटारीविषयी अशीच ओरड उठली, ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ती घरोघर पोहोचविली, आणि त्या गाडीचा तेथील खप पार बसला. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने केलेल्या चौकशीचा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तो असा की, यंत्रात ज्याचा काही पुरावा सापडत नाही अशा प्रकरणांत चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटरच दाबला असावा. पेडलांची मांडणी या चुकीस पोषक झाली असण्याचा संभवही चौकशीने नोंदविला, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. या चुकीचे स्वरूप मोठे विलक्षण आहे: गाडी झेपावते, म्हणून चालक ‘ब्रेक’ अधिक जोराने दाबतो, म्हणून ती अधिकच झेपावते, आणि आपला पाय चुकीच्या जागी आहे ही शंका त्या दोन-तीन क्षणांत त्याच्या मनाला शिवतही नाही. वरकरणी चमत्कारिक वाटेल, पण ही दुर्घटना महामार्गावरच्या वेगात क्वचित आणि इमारतीच्या वाहनतळात, फाटकाशी, दुकानाच्या पायरीसमोर वारंवार घडते. कारण तेथेच पाय एका पेडलावरून दुसऱ्यावर सतत ये-जा करीत असतो.

या प्रकरणानंतर ब्रेक दाबल्याखेरीज ‘पी’ म्हणजे पार्किंगच्या जागेतून दांडा हलूच न देणारी कळ रूढ झाली, आणि सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेत नव्या हलक्या वाहनांना ती कायद्याने आवश्यक ठरली. जपानने आणखी पुढे जाऊन, उभ्या गाडीसमोर अडथळा असता ॲक्सिलरेटर एकाएकी पूर्ण दाबला गेल्यास इंजिनाचा जोर रोखून धरणारी व्यवस्था सप्टेंबर २०२८ पासून नव्या स्वयंचलित मोटारींत सक्तीची करण्याचे ठरविले आहे. जो आळा क्लच न मागता घालीत असे, तोच आता संवेदक आणि संगणक बसवून परत आणण्याची ही तजवीज होय.

आपल्या हातात, किंवा पायात, तूर्त जे आहे ते असे. दोन्ही पेडले एकट्या उजव्या पायाने चालवावीत आणि डावा पाय डाव्या कडेच्या पट्टीवर स्वस्थ ठेवावा. एक पाय ब्रेकवर व दुसरा ॲक्सिलरेटरवर ठेवणे अधिक सुरक्षित, असे मानणारे लोक आढळतात. परंतु वर्षानुवर्षे क्लच तळापर्यंत दाबण्याची सवय जडलेला डावा पाय ब्रेकही तसाच तळापर्यंत दाबतो, आणि संकटसमयी दोन्ही पाय एकदमच ताठ होतात. ‘डी’ (पुढे) किंवा ‘आर’ (मागे) यांत ब्रेक सैल केला की बहुतेक स्वयंचलित गाड्या आपोआप संथ सरकू लागतात, नवशिक्यास ही खोड वाटते, वस्तुतः ती मोठी सोय आहे, कारण सपाट जागी गाडी लावताना केवळ ब्रेक कमीजास्त करून काम भागते व ॲक्सिलरेटरला पाय लावण्याचे प्रयोजनच उरत नाही. तळघरातून वर येणाऱ्या रॅम्पवर मात्र जोर द्यावा लागतो, आणि माथ्यावर येताच तो जोर काढून पाय ब्रेकवर आणावयाचा असतो. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांतील ते अरुंद, वळणाचे रॅम्प नव्या चालकाने एकट्याने, पाठीमागे कोणी नसताना दहादा चढून पाहावेत हे उत्तम. सैल चपला घालून ही कसरत करू नये. पायाखालचे मॅटही खुंटीत नीट अडकविलेले असावे. २००९ साली टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत मागविल्या, त्यामागे सरकलेल्या मॅटखाली अडकणारा ॲक्सिलरेटर हे एक प्रमुख कारण होते. तसा प्रसंग ओढवलाच तर ब्रेक एकदाच, सर्व बळ लावून दाबून धरावा, दांडा ‘एन’ म्हणजे न्यूट्रलमध्ये ढकलावा, गाडी कडेला थांबली की मगच इंजिन बंद करावे. ब्रेक सोडून पुनःपुन्हा दाबणे घातक, कारण पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असता ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी पुन्हा भरून येत नाही, आणि दोन-तीन दाबांत ती संपली की पेडल दगडासारखे कठीण होते.

‘दांडा पी मध्ये टाकला, आता हँडब्रेक कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने ‘पी’ म्हणजे काय हे एकदा समजून घ्यावे. त्या जागी गिअरपेटीतील एका दातेरी चाकाच्या खाचेत बोटाएवढा पोलादी अडसर जाऊन बसतो, इतकेच; ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही. उतारावर सगळ्या गाडीचे वजन त्या एकट्या अडसरावर सोडले की पुढे दांडा काढताना जो ‘खट्’ आवाज होतो, तो त्याच्याच तक्रारीचा होय. यास्तव क्रम असा ठेवावा: पायब्रेक दाबून ‘एन’, मग हँडब्रेक, मग पायब्रेक किंचित सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ देणे, आणि शेवटी ‘पी’. एएमटीच्या पुष्कळ गाड्यांत तर ‘पी’ नसतोच. तेथे हँडब्रेक लावून, दांडा ‘डी’ वा ‘आर’मध्ये ठेवून इंजिन बंद करावे, म्हणजे हातगिअरच्या गाडीप्रमाणेच गिअर अडकून राहतो. अशी गाडी ‘एन’मध्ये सोडून जाणारा मनुष्य ती केवळ हँडब्रेकच्या तारेवर टांगून जात असतो.

इंजिन चालू ठेवून ‘जरा फाटक उघडून येतो’ म्हणत उतरणे, हा याच बेफिकिरीचा दुसरा प्रकार. ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतील नट अँटन येल्चिन जून २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्वतःच्या घराच्या उतारावर आपल्याच जीप ग्रँड चेरोकीने चिरडला जाऊन मरण पावला. त्या जातीच्या गाड्यांत दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परत येत असे, त्यामुळे गिअर ‘पी’मध्ये पडला की नाही हे हाताला कळत नसे, आणि याच कारणास्तव कंपनीने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जगभरातील ११ लाखांहून अधिक गाड्या परत मागविण्याचे जाहीर केले होते. दांड्याच्या मांडणीला इतके महत्त्व आहे, हे अमेरिकेला त्यापूर्वी अर्धशतक अगोदर एकदा उमगले होते. तेथील काही गाड्यांत पूर्वी ‘रिव्हर्स’ हे ‘लो’च्या लगत असे, आणि पुढे जाऊ पाहणारा मनुष्य मागे जाई, राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात या विसंगतीवर कोरडे ओढले, आणि १९६८ पासून पुढचे व मागचे गिअर यांच्यामध्ये ‘न्यूट्रल’ असलेच पाहिजे असा नियम अमलात आला. आजची चक्राकार कळ वा बटणे पाहता हा धडा अर्धवट विसरला गेला आहे, असे माझे मत आहे. निदान फलकावरचे अक्षर वाचल्याखेरीज दार उघडू नये.

घाटाविषयीचे गैरसमज दोन आहेत आणि ते परस्परांच्या उलट टोकांना आहेत. एक पक्ष म्हणतो, उतारावर ‘न्यूट्रल’ केले की पेट्रोल वाचते. कार्ब्युरेटरच्या काळात या म्हणण्यात काही तथ्य असेल. परंतु आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला आणि चाके इंजिनाला फिरवू लागली की इंधनाचा पुरवठा बहुतांशी बंदच केला जातो, उलट ‘न्यूट्रल’मध्ये इंजिन जिवंत राखण्यासाठी ते जाळावे लागते. म्हणजे वाचत काही नाही, आणि सारा भार मात्र ब्रेकवर पडतो. दुसरा पक्ष म्हणतो, ‘डी’मध्ये ठेवा, गाडी काय ते पाहून घेईल. गिअरपेटीला आपण डाव्या हाताचे व डाव्या पायाचे मुखत्यारपत्र दिले आहे, डोळ्यांचे नव्हे; पुढे आंबोलीचे वळण आहे की कुंभार्लीचा उतार, हे तिला दिसत नाही. काही नव्या गाड्या उतार ओळखून गिअर खाली आणतात खऱ्या, पण अनेक साध्या गाड्या पाय उचलला की उलट वरचा गिअर टाकतात, कारण त्यांच्या हिशेबी वेग आहे आणि मागणी नाही. परिणामी चालक खालपर्यंत ब्रेक दाबीत राहतो. ब्रेकच्या द्रवाचा उत्कलनबिंदू, तो नवा व कोरडा असताना, डॉट ३ जातीत निदान २०५ अंश सेल्सिअस व डॉट ४ जातीत २३० अंश असावा लागतो. पण हा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि ओला झाल्यावर हेच किमान आकडे १४० व १५५ पर्यंत उतरतात. द्रव उकळला की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल निःशब्द तळाला जाते. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा जुन्या चालकांचा शिरस्ता म्हणूनच स्वयंचलित गाडीलाही तंतोतंत लागू आहे: ‘एल’, ‘२’, ‘एस’ किंवा ‘एम’ यांपैकी जे काही दांड्यावर असेल ते उतार सुरू होण्याआधीच निवडावे, आणि ब्रेक अधूनमधून, ठामपणे, थोडा वेळच लावावा. कित्येक मालकांनी ती अक्षरे गाडी घेतल्यापासून एकदाही वापरलेली नसतात.

चढावर रांगेत उभे असता गाडी ॲक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरण्याची सवयही टाकावी. एएमटी व दुहेरी क्लचच्या गाडीत त्याने क्लच घासून तापतो, जळका वास येतो, आणि काही गाड्या तर रक्षणार्थ जोरच काढून घेतात. तेथे ब्रेक, अथवा हँडब्रेक, हेच खरे साधन. दुपदरी रस्त्यावर पुढची गाडी ओलांडून जाताना एएमटी गिअर बदलण्यास क्षणभर थबकते, याचा हिशेब आधीच करून ठेवावा किंवा ‘एम’मध्ये गिअर स्वतः उतरवून घ्यावा. टॉर्क कन्व्हर्टर वा सीव्हीटीची गाडी धक्का मारून चालू होत नाही, आणि इंजिनाने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढूनही नेऊ नये. इंजिन बंद असता गिअरपेटीचा तेलपंप बंद असतो, सबब अशी गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्यावी.

राहता राहिला परवान्याचा प्रश्न. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १० दुचाकीच्या बाबतीत गिअरची व बिनगिअरची असा भेद करते. हलक्या मोटार वाहनाच्या बाबतीत तसा भेद करीत नाही. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिलेल्यास हातगिअरची गाडी चालविण्याची मुभा नसते, मात्र उलट दिशेने जाणाऱ्यास कोणी अडवीत नाही. जणू हातगिअरकडून स्वयंचलिताकडे येणे म्हणजे कठीणाकडून सोप्याकडे येणे, अशी उभय ठिकाणच्या कायद्याची समजूत दिसते, आणि वीस-तीस वर्षे क्लच दाबलेला पाय घेऊन येणारा अनुभवी चालकच येथे सर्वांत अधिक चुकू शकतो, याची दखल कोणीच घेत नाही. तेव्हा किल्ली हाती आल्यावर पहिला तास मोकळ्या मैदानात घालवावा: ॲक्सिलरेटरला न शिवता पुढे-मागे सरकणे, डावा पाय न हलविता एकाएकी थांबणे, खाली न पाहता ‘एन’ सापडणे, आणि पूर्ण थांबल्यावरच ‘आर’मधून ‘डी’मध्ये येणे. घरातील ज्येष्ठांसाठी गाडी घेतली असेल, तर हा तास त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून काढावा.