पाच किलोमीटर खोलीवरचे काळे गोटे

हिमालय कुठे संपतो असं कुणी विचारलं, की मी नकाशात विषुववृत्ताच्या खाली बोट ठेवतो. गंगा-ब्रह्मपुत्रेनं खरवडून आणलेली हिमालयाची माती बंगालच्या उपसागराच्या तळावरून सुमारे तीन हजार किलोमीटर दक्षिणेला पसरली आहे. गाळाचा एवढा मोठा पंखा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच समुद्रात नाही. तो विरतो मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, आणि माझं वेड तिथून पुढे सुरू होतं.

चतुःसीमा आधी उरकून घेऊ. पूर्वेला नाइन्टी ईस्ट रिज, पश्चिमेला छागोस-लक्षद्वीप डोंगररांग, दक्षिणेकडे महासागरी डोंगररांगांचे दोन फाटे. तळाचा बेसाल्ट बराचसा पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे भारत उत्तरेकडे सुसाट निघाला होता तेव्हाचा. पुढे आशियाशी टक्कर झाली आणि त्या रेट्यानं खोऱ्याच्या उत्तर भागातला तळ चक्क वळ्या पडून दुमडला. भूपट्ट कडेला मोडतात, मध्ये नाही, हे शाळेत शिकलेलं इथं विसरायचं.

आता गाळाकडे. उत्तरेला हिमालयाची राखाडी माती. दक्षिणेकडे, साधारण दहा ते पंधरा अक्षांशांच्या पट्ट्यात, रेडिओलेरिया या सूक्ष्मजीवांच्या सिलिकाच्या सांगाड्यांचा चिखल. चुन्याची कवचं एवढ्या खोलीवर विरघळून जातात, म्हणून टिकतो तो सिलिका. आणखी दक्षिणेला नुसती तांबूस-तपकिरी माती. सिलिकाचा चिखल साचतो हजार वर्षांत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर! त्यामुळे सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ७४,००० वर्षांपूर्वीची राख शोधायला फार खोल जावं लागत नाही. तिचे काचेचे कण वरच्या थोड्याच गाळात सापडतात. (पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीलाही राखेचा थर आहे. तो याच उद्रेकाचा की टोबाच्याच आणखी जुन्या एखाद्या, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडताहेत. मी दोन्ही बाजू मिटक्या मारत वाचतो.)

पण खरी गंमत या चिखलावर पडलेल्या मँगनीजच्या गोट्यांची. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत मी एक कापलेला गोटा हातात घेतला होता. बाहेरून खरबरीत, बोटांना काळं लागेल असा. आत एकाआड एक काळी-तपकिरी वलयं, आणि मधोमध शार्कचा दात. दाताचा आतला भाग केव्हाच झिजून गेलेला, वरचं चकचकीत एनॅमल तेवढं शाबूत. सगळ्याच गोट्यांच्या पोटात दात नसतो. कुठे बेसाल्टचा तुकडा, कुठे प्युमिस. त्याभोवती मँगनीज, लोखंड, निकेल, तांबं, कोबाल्ट यांची पुटं चढत जातात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

आता हिशेब करा. चिखल साचतो गोट्याच्या जवळजवळ हजारपट वेगानं. मग गोटे कधीच गाडले जायला हवे होते. तरी बरेचसे उघड्यावर बसलेले! कुणी म्हणतं तळावरचे किडे त्यांना ढोसत वर ठेवतात, कुणी तळप्रवाहांना श्रेय देतं. मला किड्यांची बाजू आवडते, पुरावा अजून अपुरा असला तरी.

हे गोटे वर आणण्याची एक युक्तीही सांगायलाच हवी. दोरी न बांधता गोटे पकडणारा यांत्रिक जबडा समुद्रात सोडून द्यायचा. तळाला टेकला की तो मिटतो, वजनं सुटतात, आणि काचेचे पोकळ गोळे त्याला पुन्हा वर घेऊन येतात. मग जहाजानं तो लाटांत शोधत फिरायचं.

‘गवेषणी’ जहाजानं भारतासाठी पहिले गोटे काढले २६ जानेवारी १९८१ रोजी. १९८७ साली या खोऱ्यातलं दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताच्या नावे नोंदलं गेलं. पुढे नियमानुसार निम्मं परत करून ७५,००० उरलं. तिथला साठा ३८ कोटी टन असल्याचा अंदाज आहे, आणि म्हणूनच सगळ्यांना घाई झाली आहे.

मला नाही. पेरूजवळच्या पॅसिफिक तळावर १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी मुद्दाम नांगर फिरवून पाहिला होता. २०१५ मध्ये पुन्हा जाऊन बघितलं तर चरे तसेच. आपल्या खोऱ्यातही १९९७ साली तळ ढवळून पाहण्याचा प्रयोग झाला आहे. नकाशे काढा, यंत्रं उतरवा, गोटे मोजा. उपसा मात्र आत्ताच नको. पुन्हा वाढायला त्यांना लाखो वर्षं लागतात.